प्रबंधातून औषध मागण्याआधी

२०२३ च्या डिसेंबरात नागपूर अधिवेशनात सारथीच्या फेलोशिपचा विषय निघाला आणि तेव्हाच्या एका उपमुख्यमंत्र्यांनी, पीएचडी करून ही मुले काय दिवे लावणार, अशा अर्थाचा सवाल केला. पुढचे काही दिवस नेहमीचा धुरळा उडाला. एकीकडे करदात्यांच्या पैशांचा हिशेब मागणारे, दुसरीकडे ‘ज्ञानाला उपयोग विचारू नका’ असे बजावणारे. वाद सगळ्याच विषयांच्या पीएचडीचा होता, पण तो सर्वाधिक बोचतो कर्करोगाच्या संशोधनाला. तिथे रुग्ण समोर असतो, आणि ‘पाच वर्षे पेशी वाढवल्यात, औषध कुठे आहे?’ हा प्रश्न विचारणाऱ्याला वेड्यात काढता येत नाही. माझे म्हणणे असे की हिशेब मागावा, जरूर मागावा. पण तो चुकीच्या रकान्यात मागितला जातो आहे. कर्करोगाच्या जीवशास्त्रातल्या पीएचडीने दोन गोष्टी द्यायच्या असतात: एका नेमक्या प्रश्नाचे भरवशाचे उत्तर, आणि खरा निष्कर्ष व फसवा निष्कर्ष यांतला फरक ओळखणारा माणूस. आपल्याकडचे कितीतरी प्रबंध याच कसोटीवर उणे पडतात, आणि ‘औषध दाखवा’ या रेट्याने ते आणखी उणे पडतात.

आधी विरोधी बाजूचे जे खरे आहे ते मान्य करू. ग्लोबोकॅन या जागतिक कर्करोग-आकडेवारीच्या २०२२ च्या अंदाजानुसार भारतात वर्षाला सुमारे १४ लाख नवे कर्करुग्ण आढळतात आणि ९ लाखांहून अधिक दगावतात. अशा देशात संशोधनाचा प्रत्येक रुपया जाब मागण्याजोगा आहे. आपल्या पुरुषांत मुखकर्करोगाचा भार प्रचंड, तोही बहुतांशी तंबाखू-सुपारीमुळे गालाच्या आतल्या बाजूला होणारा. तरीही ढीगभर प्रबंध एमसीएफ-७ या सेल लाइनवर होतात, म्हणजे १९७० साली डेट्रॉइटमधल्या एका रुग्ण स्त्रीच्या छातीत साचलेल्या पाण्यातून मिळवलेल्या पेशींवर. का? ती सहज मिळते, पटापट वाढते आणि गाइडच्या गाइडनेही तिच्यावरच काम केलेले असते. हा आक्षेप मला बिनतोड वाटतो. पदव्या वाढल्या, विचारणा वाढली नाही, हेही खरे.

पण मग हे प्रबंध निरुपयोगी का ठरतात, ते यंत्र उघडून बघू. एक नमुना तर इतका रुळला आहे की विषयपत्रिका वाचूनच निष्कर्ष सांगता येतो. परिसरातली एखादी औषधी वनस्पती घ्यायची, पाने सावलीत वाळवून मिथेनॉलमध्ये अर्क काढायचा, तो डीएमएसओ या द्रावकात विरघळवायचा. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये प्रत्येकी पाच ते दहा हजार पेशी पेरायच्या, रात्रभर चिकटू द्यायच्या, अर्काचे चढते डोस घालून ४८ तास ठेवायचे. मग एमटीटी हे रंगद्रव्य घालून तीन-चार तास थांबायचे, तयार झालेले जांभळे स्फटिक विरघळवायचे आणि ५७० नॅनोमीटरला शोषण मोजायचे. निम्मा रंग घटला तो डोस म्हणजे आयसी-५०. तो येतो, समजा, प्रति मिलिलिटर २०० मायक्रोग्रॅम. जोडीला सॉफ्टवेअरवर एका रेणूचे डॉकिंग, म्हणजे तो एखाद्या प्रथिनात बसतो का याची संगणकी जुळणी, आणि शेवटचे वाक्य ठरलेले: हा अर्क कर्करोगावरील संभाव्य औषध ठरू शकतो.

यात चुकते काय? एमटीटी पेशींचा मृत्यू मोजत नाही, त्यांचा चयापचय मोजते. पेशी नुसती मंदावली तरी ती मेल्यासारखी दिसते. उलट, अर्कातली पॉलिफिनॉल्स पेशींशिवायच एमटीटीचे जांभळे रूप करून टाकतात, तेव्हा मेलेल्याही जिवंत दिसतात. म्हणून पेशी न घातलेल्या खळग्यांत अर्क आणि एमटीटी घालून पाहणे आवश्यक असते. ते बहुधा केलेले नसते. डीएमएसओ साधारण ०.५ टक्क्यांच्या वर गेले की स्वतःच पेशींना त्रास देते, आणि मूळ द्रावण पातळ असेल तर मोठ्या डोसाला ते दोन टक्क्यांपर्यंत सहज पोहोचते. कडेच्या खळग्यांतले पाणी उडते, तिथले आकडे वेगळे येतात. एकाच दिवशी एकाच प्लेटमधल्या तीन खळग्यांना ‘एन बरोबर तीन’, म्हणजे तीन स्वतंत्र प्रयोग, असे लिहायचे ही तर सर्रास रीत आहे. वास्तविक तीन वेगळ्या दिवशी, तीन वेगळ्या पॅसेजच्या, म्हणजे वेगवेगळ्या वेळी नव्या भांड्यात लावलेल्या, पेशींवर प्रयोग केला तरच ते तीन. आणि समजा हे सगळे काटेकोर झाले, तरी २०० मायक्रोग्रॅमचा अर्थ काय? प्रौढाच्या पाच लिटर रक्तात तेवढी पातळी गाठायला पूर्ण एक ग्रॅम अर्क एकाच वेळी रक्तात हवा. शरीरातल्या सगळ्या पाण्याचा विचार केला तर सात-आठ ग्रॅम. कच्च्या अर्काचा आयसी-५० वीस-तीस मायक्रोग्रॅमच्या वर गेला की जाणकार तो सहसा बाजूला ठेवतात. निरोगी पेशींवरचा डोस तर अनेकदा मोजलेलाच नसतो. फिनाइलनेही एमसीएफ-७ मरते.

आता विचार करा, हा कारखाना कशामुळे चालतो? मूलभूत विज्ञानाच्या हट्टामुळे? नाही. ‘उपयोग दाखवा’ या मागणीचीच ही पैदास आहे. ज्या विद्यार्थ्याला चार वर्षांत औषधसदृश काहीतरी दाखवायचे आहे, तो हाच रस्ता धरणार, कारण इथे ‘काही आढळले नाही’ असे कधी होतच नाही. प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती यूजीसीने २०२२ च्या नियमांत काढून टाकली, हे चांगले झाले. पण विभागाविभागांतली अलिखित सक्ती काही नियमाने जात नाही.

यावर कुणी म्हणेल की वनस्पतींतूनच तर औषधे निघाली. निघालीच. पण कशी निघाली ते पाहावे, आणि त्यासाठी आपल्याच नंदुरबारात जन्मलेल्या मनसुख वाणी यांच्यापेक्षा चांगले उदाहरण नाही. मुंबई विद्यापीठात शिकून ते अमेरिकेत गेले, इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये पीएचडी झाले आणि नॉर्थ कॅरोलायनात मनरो वॉल यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. १९६६ साली या चमूने एका चिनी वृक्षातून कॅम्प्टोथेसिन वेगळे केले. उंदरांच्या रक्ताच्या कर्करोगावर ते उत्तम चालत होते. पाण्यात विरघळत नव्हते, म्हणून माणसांवरच्या चाचण्यांसाठी त्याचा सोडियम क्षार वापरला गेला. त्या क्षारात रेणूतले लॅक्टोन नावाचे अणूंचे बंद कडे उघडे पडते, आणि औषधाची सारी ताकद त्या बंद कड्यातच असते. परिणाम कमी, मूत्राशयातून रक्तस्रावासारखे दुष्परिणाम भारी. सत्तरच्या दशकाच्या आरंभी चाचण्या गुंडाळल्या. औषध मेले. ते परत उठले १९८५ साली, जेव्हा ते टोपोआयसोमरेज-१ या विकराला (एन्झाइमला) डीएनएवर अडकवून ठेवते हे कळले. हा शोध रुग्णालयातला नव्हता. डीएनएचा पीळ कसा सुटतो या, विधिमंडळात कुणी फुकटातही विचारणार नाही अशा प्रश्नाच्या अभ्यासातून तो आला. त्यानंतरच कडे शाबूत ठेवून विरघळणारी रूपे घडवली गेली आणि १९९६ मध्ये टोपोटेकान आणि इरिनोटेकान अमेरिकेत मंजूर झाली. आज मोठ्या आतड्याच्या कर्करोगात इरिनोटेकान आपल्याकडेही रोज दिले जाते.

या कथेला एक सह्याद्रीतला धागाही आहे. १९७२ साली गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात गोविंदाचारी आणि विश्वनाथन यांनी दाखवले की आपल्या डोंगरांतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन भरपूर असते. कच्चा माल आपल्या रानात होता. पुढे तो पोत्यांनी बाहेर गेला आणि नरक्या रानातून विरळ झाला. विकर कुठले, कडे का महत्त्वाचे, हे ज्ञान मात्र दुसरीकडे तयार झाले, आणि किंमत त्या ज्ञानाला मिळाली. ‘उपयोगी’ वस्तू हातात असून उपयोग दुसऱ्याने केला, याचे याहून ठसठशीत उदाहरण शोधावे लागेल.

वाणी-वॉल यांच्याच टॅक्सॉलचेही तसेच. रचना १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली, तरी कित्येक वर्षे ते धूळ खात होते. १९७९ साली न्यूयॉर्कमध्ये सूझन हॉर्विट्झ यांच्या प्रयोगशाळेत पीटर शिफ या विद्यार्थ्याला दिसले की इतर औषधे पेशीतल्या सूक्ष्मनलिका मोडतात, हे मात्र त्या घट्ट करून ठेवते, इतक्या की पेशीला विभागताच येत नाही. अशी तऱ्हा तोवर कुणी पाहिली नव्हती. तिथून टॅक्सॉलकडे पाहण्याची नजर बदलली. १९९२ च्या अखेरीस ते बाजारात आले. शिफच्या प्रबंधातून ‘औषध’ निघाले का? हिशेबनिसाच्या रकान्यात शून्यच पडेल.

हे सारे श्रीमंत देशांचे चोचले, आपण उपयोजनापुरते पाहावे, हा पुढचा युक्तिवाद, आणि त्याच्या पुष्टीला हल्ली नेक्सकार-१९ दाखवले जाते. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांनी मिळून रुग्णाच्याच टी पेशी जनुकबदल करून कर्करोगावर सोडण्याची ही उपचारपद्धती उभी केली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. परदेशात कोट्यवधींत जाणारा उपचार इथे ४० लाखांच्या आसपास आला. अभिमान वाटावा असेच काम आहे. पण त्याचा धडा नीट वाचा. टी पेशीवर कर्कपेशी ओळखणारा संकरित ग्राहक (रिसेप्टर) बसवण्याची कल्पना इस्रायलमध्ये झेलिग एश्हार यांनी ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मांडली. इथल्या चमूला त्यात बदल करायला, माणसाच्या प्रथिनाशी जुळणारे रूप बनवायला आणि जनुक पेशीत नेणारा विषाणू-वाहक इथेच तयार करायला जवळपास दशक लागले. बाकावर बसून ते काम रेटले कुणी? संशोधक विद्यार्थ्यांनी. तिसऱ्या वर्षी ‘उत्पादन कुठे’ म्हणून त्यांची फेलोशिप अडवली असती तर आज आपण त्याच उपचारासाठी परदेशी कोटेशने मागवत बसलो असतो.

याहून बोलके उदाहरण टाटा मेमोरियलच्या कमी डोसाच्या निव्होलुमॅबचे. टी पेशींना रोखून धरणारा पीडी-१ हा ग्राहक झाकून हे औषध त्यांना कर्करोगावर मोकळे सोडते. त्याचा परदेशातला नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांना २४० मिलिग्रॅम, आणि आपल्याकडचे फार थोडे रुग्ण तो परवडवू शकतात. मुंबईच्या डॉक्टरांनी बरा न होणाऱ्या मान-मुखाच्या कर्करोगात दर तीन आठवड्यांना फक्त २० मिलिग्रॅम, तोंडाने घ्यायच्या मेथोट्रेक्सेट, सेलेकॉक्सिब आणि अर्लोटिनिबच्या जोडीने देऊन पाहिले. १५१ रुग्णांच्या चाचणीत वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेले. तुलना पूर्ण डोसाशी नव्हती, त्यामुळे ‘कमी डोस पूर्ण डोसाइतकाच’ असे यावरून म्हणता येणार नाही. पण ज्याला काहीच मिळणार नव्हते त्याला काय मिळाले, हे चोख कळले. एवढ्या कमी डोसाचे धाडस आले कुठून? माणसांवरच्या पहिल्याच चाचणीत दिसले होते की किलोमागे ०.३ मिलिग्रॅमलाही रक्तातल्या टी पेशींवरचे बहुतेक पीडी-१ ग्राहक आठवडेच्या आठवडे व्यापलेले राहतात. साठ किलोच्या माणसाला गुणून पाहा, वीसच्या आसपासच येतात. आणि हा ग्राहक मुळात सापडला १९९२ साली क्योतोमध्ये, तासुकू होन्जो यांचा विद्यार्थी यासुमासा इशिदा पेशी आपणहून कशा मरतात याची जनुके शोधत असताना. कर्करोगाशी त्याचा संबंध कळायला बरीच वर्षे जायची होती. परळच्या वॉर्डातली काटकसर आणि क्योतोतली जिज्ञासा यांत ‘उपयोजित’ आणि ‘मूलभूत’ अशी भिंत घालायची कुठे?

भिंत वरून हुकूम काढून घालता येत नाही, हे अमेरिकेने पैसे मोजून अनुभवले आहे. तिथे १९६४ पासून माणसातले कर्कविषाणू शोधायची खास सरकारी मोहीम चालली, आणि १९७१ च्या कर्करोग कायद्याने तर युद्धच पुकारले. अपेक्षित विषाणूंची फौज काही हाती लागली नाही. कोंबड्यांत कर्करोग घडवणाऱ्या विषाणूवर चिकाटीने काम करणाऱ्यांना मात्र १९७६ साली कळले की कर्कजनुकाचे मूळ रूप निरोगी पेशींतच असते. आजची लक्ष्यवेधी औषधे त्या वाटेने आली.

एवढे म्हटल्यावर ‘ज्ञानासाठी ज्ञान’वाल्यांनी खूश होऊ नये, कारण त्यांच्या घरातला केर मोठा आहे. २०१२ साली अॅमजेन कंपनीच्या शास्त्रज्ञांनी सांगितले की कर्करोगावरच्या ५३ गाजलेल्या निबंधांपैकी सहांचेच निष्कर्ष त्यांना पुन्हा मिळवता आले. २०२१ मध्ये संपलेल्या एका स्वतंत्र प्रकल्पात २३ निबंधांतले ५० प्रयोग पुन्हा केले गेले. परिणामाचा आकार मूळ दाव्याच्या तुलनेत मध्यमानाने ८५ टक्क्यांनी आक्रसला. कित्येक प्रयोगांत तर मूळ पद्धत इतकी मोघम लिहिलेली होती की ते सुरूच करता आले नाहीत. सेल लाइनचा घोळ याहून जुना. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवले की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हेला, म्हणजे एका स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून आलेल्या पेशीच आहेत. एमडीए-एमबी-४३५ वर्षानुवर्षे स्तनकर्करोगाची म्हणून वापरली गेली. ती निघाली त्वचेच्या मेलानोमाची. हेला जिथे जन्मली त्या जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेतूनच कमल रणदिवे टिश्यू कल्चर शिकून आल्या आणि मुंबईत त्यांनी देशातली या तंत्राची पहिली प्रयोगशाळा उभारली. त्या पिढीने तंत्र आणले, सोबत त्याची शिस्तही. आज तंत्र गावोगावी पोचले आहे, शिस्तीचे काय?

मग प्रशिक्षणात काय मागावे? सेल लाइन प्रयोगशाळेत आल्या दिवशी आणि प्रबंध लिहिण्याआधी, दोनदा तिचा एसटीआर नमुना, म्हणजे पेशींची डीएनए-ओळख, तपासलेला असावा. संदर्भाशी ८० टक्क्यांहून कमी जुळली तर ती लाइन टाकून द्यावी, मग त्यावर दोन वर्षे गेलेली का असेनात. खर्च काही हजारांत भागतो. पेशींत छुपेपणाने शिरणाऱ्या मायकोप्लाझ्मा या जिवाणूसाठी दरमहा पीसीआर करावा, कारण त्याला पेशीभित्तिका नसल्याने पेनिसिलिन लागू पडत नाही, ०.२२ मायक्रॉनच्या गाळणीतूनही तो निसटतो, आणि माध्यम जराही गढूळ न करता पेशींचा चयापचय, पर्यायाने एमटीटीचा आकडा, बदलून टाकतो. किती प्रयोग करायचे आणि कोणती सांख्यिकी लावायची हे आकडे येण्याआधी लिहून तारीख घालून ठेवावे. आणि प्रबंधाचे एक प्रकरण दुसऱ्याचा प्रसिद्ध निष्कर्ष पुन्हा मिळवून पाहण्याचे असावे. मिळाला नाही तरी प्रकरण पास.

गाठीच्या नमुन्यांवर काम करणाऱ्याला शस्त्रक्रियागृहाची वाट माहीत हवी. स्तनाच्या गाठीचा नमुना काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मेलिनमध्ये जायला हवा आणि तिथे ६ ते ७२ तास राहायला हवा. शनिवारी दुपारी काढलेली गाठ न कापता तशीच डब्यात सोमवारपर्यंत पडली तर फॉर्मेलिन आत पोचत नाही, मधला भाग कुजतो, ईआर, म्हणजे इस्ट्रोजेनचा ग्राहक, नसल्याचा खोटा निकाल येऊ शकतो, आरएनए तर हाती लागतच नाही. मग विद्यार्थी वर्षभर ‘जनुकातला फरक’ म्हणून जे शोधतो तो खरे तर वॉर्डबॉयच्या सुट्टीतला फरक असतो. जीवशास्त्राच्या विद्यार्थ्याला सहा महिने ट्यूमर बोर्डात, म्हणजे रुग्णाचे उपचार ठरवणाऱ्या डॉक्टरांच्या बैठकीत, बसवावे, आणि पॅथॉलॉजीच्या एमडीला ‘साठ केसेस आणि एक मार्कर’ या ठरीव प्रबंधातून सोडवून प्रयोगशाळेशी जोडून द्यावे.

प्रश्न स्थानिक असावेत, हा आक्षेपकांचा मुद्दा तर मी उचलूनच धरतो. पॅथॉलॉजिस्ट खानोलकरांनी १९४५ साली सहकारी सूर्याबाईंबरोबर सवयींतून होणाऱ्या कर्करोगांवर लिहिले, त्यात धोतराच्या घट्ट नेसण्याने कमरेवर होणारा कर्करोगही होता. तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात १,३१,७४६ स्त्रियांच्या चाचणीत आयुष्यात एकदाच केलेल्या, तो कर्करोग घडवणाऱ्या एचपीव्ही विषाणूच्या तपासणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले, हे २००९ मध्ये जगाला कळले. मुंबईच्या वस्त्यांत तर आरोग्यसेविकांनी व्हिनेगर लावून केलेल्या तपासणीने मृत्यू ३१ टक्क्यांनी घटवले. तुलनेच्या गटाला तपासणी दिली नव्हती यावर नैतिक टीका झाली आणि ती गंभीर होती. पण लक्षात घ्या, व्हिनेगरची तीच पद्धत उस्मानाबादेत मृत्यू ठळकपणे कमी करू शकली नव्हती. मुंबईत ती दर दोन वर्षांनी पुन्हा होत होती, तिथे एकदाच. कोणते कारण किती, हे ठरवायला अभ्यासाची रचना समजणारी माणसे लागतात, आणि ती पीएचडी-एमडीच्या बाकांवरच घडतात.

अखेर पैशांचे. जानेवारी २०२३ पासून पीएचडीच्या पहिल्या दोन वर्षांची फेलोशिप (जेआरएफ) महिना ३७,००० आणि नंतरची (एसआरएफ) ४२,००० आहे. दोन अधिक तीन वर्षे धरली तर घरभाडे वगळून २४ लाख होतात, म्हणजे नेक्सकार-१९ च्या एका उपचाराहून कमी. ही रक्कम मोठी की लहान यावर हवे तेवढे भांडावे. पण ती महिनोन्महिने थकते तेव्हा विद्यार्थी शिकवण्या घेतो, पेशी वाढवायला लागणाऱ्या आयात सीरमची बाटली वेळेवर येत नाही, नव्या लॉटवर पेशी वेगळ्या वाढतात आणि आधीचे आकडे नंतरच्या आकड्यांशी जोडता येत नाहीत. द्रव नायट्रोजनचे बिल अडले की टाकीतल्या गोठवलेल्या पेशींच्या व्हायली (कुप्या), ज्यांवर सगळी मालिका उभी असते, दोन-तीन आठवड्यांत जातात. मग उरलेल्या मुदतीत काय करता येते? सावलीत वाळवलेली पाने, मिथेनॉल आणि ९६ खळग्यांची एक प्लेट.